वाचकांचे प्रश्न : मुंबई–न्यूयॉर्क, किलोमीटर किती आणि तास किती?

या खेपेला आलेल्या पत्रांत अमेरिकेच्या तिकिटांविषयीची पत्रे पुष्कळ आहेत. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा बॉस्टनला, आणि तिकीट हातात पडल्यावर आकड्यांचा मेळ काही बसत नाही, असा बहुतेकांचा सूर आहे. म्हणून सगळी उत्तरे मुंबई–न्यूयॉर्क याच एका मार्गावर बेतली आहेत. हिशेबाची रीत कळली की शहरे बदलून तुम्हालाही तो करता येईल.

प्रश्न : हवाई अंतर एका ठिकाणी १२,५३० दिसते, दुसऱ्या ठिकाणी ७,७९०, तिसऱ्या ठिकाणी ६,७७०. विमानातल्या पडद्यावर तर साडेतेरा हजारांच्या पुढचा आकडा होता. खरा कोणता? (सांगली)

चारही खरे. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा आपल्या नेहमीच्या मैलांचा (१ मैल म्हणजे १.६०९ कि.मी.) आणि तिसरा सागरी मैलांचा (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ कि.मी.). वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैलांत बोलतात, अमेरिकी संकेतस्थळे साध्या मैलांत, आपण किलोमीटरमध्ये. आकड्यापुढचे एकक न वाचता तुलना केली की घोळ ठरलेला.

पडद्यावरचा आकडा वेगळा पडतो त्याचे कारणही वेगळे आहे. १२,५३० हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन विमानतळांमधले कमीत कमी अंतर. विमान मात्र ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते, काही देशांना वळसा घालते, वारा टाळते किंवा मुद्दाम पकडते, आणि उतरण्याआधी रांगेत घिरट्याही घालते. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर नेहमीच जास्त भरते, कधी तीन-चारशे किलोमीटरने, तर कधी हजाराच्याही वर. न्यूयॉर्कसाठी बरेच जण शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर उतरतात. मुंबईपासूनचे अंतर म्हणाल तर जेएफके (न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ) आणि नेवार्कमध्ये पंधरा-वीस किलोमीटरचाच फरक आहे. खरा फरक पडतो तो उतरल्यानंतर, टॅक्सीत.

प्रश्न : हे अंतर शाळेतल्या मुलांना स्वतः काढता येईल का? साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आहे. (नाशिक, गणित शिक्षिका)

नक्की येईल. दहावीच्या त्रिकोणमितीपुढे एकच पाऊल टाकावे लागते, आणि मुले एकदा चुकली की भूगोलही पक्का होतो.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई : १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके : ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. पूर्व रेखांश धन मानायचे आणि पश्चिम ऋण. म्हणजे रेखांशांतला फरक ७२.८७ − (−७३.७८) = १४६.६५ अंश.

सूत्र असे : कोसाइन(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला) × कोसाइन(दुसरा) × कोसाइन(रेखांशांतला फरक).

पहिला तुकडा ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०. दुसऱ्या तुकड्यात ०.९४५० × ०.७५८८ = ०.७१७१, आणि त्याला १४६.६५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे −०.८३५३ ने गुणले की −०.५९९०. बेरीज −०.३८६०. व्यस्त कोसाइन घेतल्यावर कोन ११२.७ अंश येतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ कि.मी. धरली तर पृष्ठभागावरचा एक अंश १११.१९ कि.मी. भरतो. गुणाकार केला की १२,५३० च्या आसपास उत्तर मिळते.

चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली पश्चिमेच्या ऋण चिन्हाची. ते विसरले तर रेखांशांतला फरक एक अंशाहूनही कमी उरतो आणि उत्तर येते २,४०० कि.मी. मुलांना हा बिंदू नकाशावर शोधायला सांगा : ७३.७८ पूर्वेला न्यूयॉर्क नाही, किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या पूर्वेचा डोंगराळ भाग आहे. दुसरी चूक कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याचे दुसरे एकक) राहून गेल्याची. एक्सेलमध्ये तर कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो, म्हणजे अंशांना आधी π ने गुणून १८० ने भागायचे. तिसरी चूक कला-विकलांची, म्हणजे अंशाच्या मिनिटे-सेकंदांची. नकाशात १९ अंश ५ कला लिहिले असेल तर ते १९.०५ नव्हे, ५ ला ६० ने भागा, म्हणजे १९.०८.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७ कि.मी. आहे. त्यामुळे अचूक सर्वेक्षणाच्या सूत्राने आकडा किंचित बदलतो, पण तो फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. वर्गात त्याची फिकीर नको.

प्रश्न : भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून पश्चिमेला सरळ रेघ मारली तर अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक असा रस्ता दिसतो. मग विमान आइसलंडच्या बाजूने वर का चढते? हा उलटा फेरा नव्हे? (कोल्हापूर)

फेरा तुमच्या रेघेत आहे. भिंतीवरचा नकाशा हा गोल पृथ्वीची साल ताणून सपाट केलेला तुकडा. ध्रुवांकडे जाऊ तसा तो जास्त ताणला जातो, म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते आणि उत्तरेकडचा जवळचा रस्ता लांबचा वाटतो.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकेल. पाकिस्तान–अफगाणिस्तान सीमा, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, मग फिनलंड, स्वीडन, नॉर्वेतले ट्रॉनहाइम, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडातले लाब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेचा बिंदू साधारण ६५ अंशांवर, आइसलंड आणि फॅरो बेटांच्या मध्ये येतो. मुंबईहून निघताना विमानाचे तोंड पश्चिमेला नसून वायव्येपेक्षाही उत्तरेला जास्त असायला हवे, हे बहुतेकांना पटत नाही.

तुमच्या रेघेने, म्हणजे होकायंत्राची दिशा शेवटपर्यंत न बदलता सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असे गेलो तर सुमारे १४,२०० कि.मी. होतात. जवळजवळ १,७०० कि.मी. जास्त, म्हणजे दोन तासांचे इंधन.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत येते, तर वेळ कमी लागायला हवा. प्रत्यक्षात जातानाच जास्त लागतो. का? (ठाणे)

कारण विमान हवेत तरंगते आणि हवा पृथ्वीबरोबर फिरते. धावत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही इंजिनाकडे चाललात काय किंवा शेवटच्या डब्याकडे, पावले सारखीच पडतात. डब्यातली हवाही गाडीबरोबरच धावत असते. तसेच हे. न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत असेल, तर सांताक्रूझची धावपट्टी आणि वरचे आकाशही त्याच वेगाने सरकत असते.

फरक पडतो तो वाऱ्याने. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अरुंद आणि वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. पृथ्वी फिरते म्हणून तो पूर्वेकडे वळतो, तेव्हा तुमच्या प्रश्नातले भ्रमण शेवटी इथे येऊन भेटते, पण उलट्या अंगाने. डिसेंबर ते फेब्रुवारी तो सर्वांत जोरात असतो आणि गाभ्यात ताशी ३०० कि.मी. ओलांडू शकतो. प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवर उडतात.

मात्र ३०० हा आकडा थेट हिशेबात घ्यायचा नाही. विमान सगळा वेळ गाभ्यात नसते आणि वारा नेहमी नाकासमोरून येतो असेही नाही. संपूर्ण मार्गाची सरासरी धरावी लागते. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि सरासरी वारा ५०. जाताना जमिनीवरचा वेग ८५०, म्हणजे १२,५३० कि.मी. ला १४ तास ४४ मिनिटे. येताना ९५०, म्हणजे १३ तास ११ मिनिटे. एवढ्याशा वाऱ्याने दीड तासाचा फरक पडला. दोन्हींची बेरीज बिनवाऱ्याच्या दोन फेऱ्यांपेक्षा थोडी जास्तच येते, हे ताडून पाहा. वारा जाताना जेवढे नेतो, तेवढे येताना पुरते परत देत नाही.

म्हणूनच सर्वांत जवळचा रस्ता हा नेहमी सर्वांत लवकरचा नसतो. याचे भारतीय उदाहरण लख्ख आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. रस्ता सुमारे १,४०० कि.मी. ने वाढला आणि वेळ जवळपास दोन तासांनी घटला, कारण पाठीवर वारा मिळाला. अटलांटिकवरही मार्ग असाच वाऱ्यावर ठरतो. युरोपहून पश्चिमेला जाणारी विमाने बहुतेक दिवसा आणि अमेरिकेहून पूर्वेला येणारी बहुतेक रात्री समुद्र ओलांडतात. दोन्हींसाठी त्या-त्या दिवसाचे वारे पाहून समांतर मार्ग आखले जातात : जाणाऱ्यांचे आयर्लंड-ब्रिटनच्या बाजूने, येणाऱ्यांचे कॅनडातल्या गँडरहून. काल गेलेले विमान आणि आज जाणारे विमान यांचे रस्ते दीड-दोनशे मैलांनी वेगळे असू शकतात.

प्रश्न : तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ पहाटे २ आणि न्यूयॉर्कला पोहोचण्याची त्याच तारखेला सकाळी ८ आहे. सहा तासांत अमेरिका? येताना मात्र पूर्ण दिवस गेलेला दिसतो. (पुणे)

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावची छापतात. वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणा. भारतीय वेळेवर आणणे आपल्याला सोपे.

न्यूयॉर्कचे घड्याळ वर्षातून दोनदा बदलते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, उरलेल्या हिवाळ्यात साडेदहा तास मागे. तुमचा प्रवास जानेवारीतला असेल तर सकाळी ८ मध्ये साडेदहा तास मिळवा : भारतात संध्याकाळचे साडेसहा. पहाटे २ पासून साडेसहापर्यंत साडेसोळा तास. हेच तिकीट जुलैचे असेल तर ८ अधिक साडेनऊ म्हणजे संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे साडेपंधरा तास. येताना समजा जानेवारीत न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघालात. भारतात तेव्हा रात्रीचे १० वाजलेले असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत उतरलात तर १४ तास झाले.

तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरांत +१ किंवा +२ असते. ते पुढच्या तारखेचे चिन्ह. विमानतळावर घ्यायला येणाऱ्यांना तारीख कळवताना ते आधी पाहा.

आणखी एक गोष्ट. तिकिटावरचा कालावधी एका विमानतळाच्या दरवाज्यापासून दुसऱ्याच्या दरवाज्यापर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, सुटण्यासाठी थांबणे आणि उतरल्यावर जागेवर लागणे आले, शिवाय उशिरासाठी राखलेली थोडी वेळही. म्हणून पंधरा मिनिटे उशिरा उडालेले विमान अनेकदा वेळेवर पोहोचते. वैमानिकाने जोर लावला म्हणून नव्हे, वेळापत्रकच सैल असते.

रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हातातले घड्याळ विमानात भारतीय वेळेवरच ठेवावे, आणि तिथे पोहोचल्यावर वेळा कशा सरकवायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

प्रश्न : पूर्वी याच विमानाला कमी वेळ लागायचा. आता विमाने नवी, तरी वेळ वाढला. असे का? (रत्नागिरी)

विमाने मंदावलेली नाहीत, आकाशातले रस्ते बंद झाले आहेत. वर दोऱ्याने आखलेला मार्ग परत पाहा : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. यातला जवळपास प्रत्येक तुकडा कोणासाठी ना कोणासाठी अडलेला आहे.

युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. त्यानंतर काही दिवसांतच रशियाचे आकाश अमेरिकी, युरोपीय आणि कॅनडाच्या कंपन्यांना बंद झाले. भारतीय कंपन्यांना नाही. उलट पाकिस्तानचे आकाश भारतीय कंपन्यांना २४ एप्रिल २०२५ पासून बंद झाले आणि ती मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. परदेशी कंपन्यांना ते खुले राहिले. २०१९ मध्येही २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बहुतांश बंद होते, पण तेव्हा परदेशी कंपन्यांनाही त्याचा फटका बसला होता. बंदी अशी कंपनीच्या देशावर ठरली की एकाच दिवशी मुंबईहून निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांचे रस्ते वेगळे असू शकतात. तिकीट घेताना कंपनी कोणत्या देशाची, याचा वेळेशी असा संबंध आहे.

मुंबईला समुद्राची सोय आहे. विमान अरबी समुद्रावरून ओमान-आखाताकडे जाऊन उत्तरेला वळू शकते, त्यामुळे दिल्लीच्या मानाने मुंबईकरांचा वळसा लहान पडतो. आखातात तणाव वाढला की हीही वाट अरुंद होते.

वळशाची किंमत फक्त मिनिटांत मोजू नका. ७०० कि.मी. जास्त म्हणजे पाऊण तास. मोठ्या दोन इंजिनी विमानाला तासाला साधारण साडेसात-आठ टन इंधन लागते, म्हणजे सहाएक टन इंधन जादा. हे जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन जळते : दर तासाला वाहिलेल्या वजनाच्या साधारण तीन टक्के. पंधरा तासांच्या प्रवासात एक टन शिल्लक राखायचे तर निघताना दीड टनाच्या आसपास भरावे लागते. उड्डाणाच्या कमाल वजनाची मर्यादा ठरलेली (बोइंग ७७७-३००ईआरला सुमारे ३५१ टन), त्यामुळे इंधन वाढले की माल किंवा काही जागा कमी कराव्या लागतात. नाहीतर वाटेत इंधनासाठी उतरावे लागते. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमाने व्हिएन्नाला उतरत होती ती याचसाठी.

प्रश्न : दुबई किंवा लंडनला विमान बदलले तर अंतर खूप वाढते का? आणि ‘डायरेक्ट’ लिहिलेले विमान मध्ये थांबले, ही फसवणूक नव्हे? (नागपूर)

अंतर फारच थोडे वाढते. मुंबई–लंडन ७,२०० कि.मी. आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०. बेरीज १२,७५० च्या आत, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम दोन-सव्वादोनशे जास्त. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०००, म्हणजे चारशे जास्त. दोन्ही शहरे त्या ताणलेल्या दोऱ्यापासून दूर दिसतात, पण पृथ्वीच्या मापाने फेरा छोटा आहे. सिंगापूरमार्गे तिकीट स्वस्त दिसले तर मात्र सांभाळा. मुंबई–सिंगापूर ३,९०० आणि तिथून न्यूयॉर्क १५,३०० च्या वर. उलट्या दिशेला जाऊन १९,००० कि.मी. ची वरात.

वेळ जातो तो मधल्या थांब्यात. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो. पण पहिले विमान पाऊण तास उशिरा आले, सुरक्षा तपासणी पुन्हा झाली, टर्मिनल बदलावे लागले की पुढचे विमान चुकते. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर पुढची सोय करणे कंपनीचे काम. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे घेतली असतील तर चुकलेले विमान तुमच्या खिशातून. नागपूरहून मुंबईला येऊन पुढे जाणाऱ्यांना हे विशेष लागू आहे : वेगळी तिकिटे असतील तर मध्ये पाच-सहा तास ठेवा, किंवा आदल्या दिवशीच या.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे दोन वेगळे शब्द आहेत. विमान कंपन्यांच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक एकच. ते मध्ये उतरू शकते. न थांबता हवे असेल तर नॉनस्टॉप किंवा थांबे शून्य असे लिहिले आहे का पाहा. त्याखाली ‘अमुक कंपनीमार्फत चालवले जाते’ अशी ओळ असेल तर तिकीट एकाचे आणि विमान दुसऱ्याचे. सामानाचे नियम सहसा वेगळे निघतात ते इथेच.

न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसरे विमान असेल तर हे लक्षात ठेवा : अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते तिथेच इमिग्रेशन, आणि नियमाप्रमाणे चेक-इन केलेली बॅगही तिथेच पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा सोपवायची असते. बॅगेवरच्या चिठ्ठीवर शेवटचे शहर लिहिलेले असले तरीही. मुंबईच्या काउंटरवर ‘बॅग थेट शिकागोला मिळेल’ असे ऐकून पुढे निघून गेलेल्यांच्या बॅगा न्यूयॉर्कलाच राहतात. तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. अबू धाबी, डब्लिन आणि शॅनन येथे अमेरिकेचे इमिग्रेशन निघण्यापूर्वीच उरकते. तिकडून आलात तर न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता.

प्रश्न : विमान १५ तारखेला ००.४५ ला आहे. घरून कधी निघायचे यावर घरात दोन मते आहेत. (डोंबिवली)

१४ तारखेला. ००.४५ म्हणजे १४ ची रात्र संपून १५ सुरू झाल्यावरची पाऊण तासाची वेळ. १४ ला रात्री साडेनऊला तुम्ही मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर हवेत, आणि बहुतेक कंपन्यांचे काउंटर सुटण्याआधी ६० ते ७५ मिनिटे बंद होते. कॅलेंडरवर १५ वर खूण करून १५ च्या रात्री बॅगा घेऊन पोहोचणारे लोक खरोखर असतात. खूण १४ वर करा.

प्रश्न : नाशिकमधल्या घरातून निघून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मुलीच्या घरी पोहोचेपर्यंत एकूण किती तास धरायचे? सोबत वयस्कर सासूबाई आहेत. (नाशिक)

सव्वीस-सत्तावीस. नाशिकहून मुंबई विमानतळ रस्त्याने चार तास, कसारा घाट आणि भिवंडीची कोंडी धरून पाच. विमानतळावर साडेतीन, अमेरिकेच्या विमानात चढताना काही प्रवाशांची गेटवर दुसरी तपासणी होते, म्हणून गेटवर शेवटच्या क्षणी जाऊ नका. विमानात साधारण सोळा. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड. नेवार्कहून एडिसन अर्ध्या-पाऊण तासावर, जेएफकेहून मात्र अंतर दुपटीच्या आसपास आणि वाटेत न्यूयॉर्कची वाहतूक. भाड्यात थोडाच फरक असेल तर नेवार्कला उतरणारे तिकीट पाहा.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. कडेची जागा घ्या आणि दर दीड-दोन तासांनी त्यांना चालायला उठवा. पायात गुठळी होण्याचा धोका लांब बसण्याने वाढतो. आधी असा त्रास झाला असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

प्रश्न : पूर्वीच्या काळी या प्रवासाला किती टप्पे लागत? (सातारा)

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनीव्हाला उतरत. पंख्याच्या इंजिनांचे हे विमान ताशी पाचशेच्या आसपास उडे. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमार्गे न्यूयॉर्क जोडले गेले. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारे एअर इंडियाचे विमान ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाले, लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-२००एलआरने. म्हणजे वेग खरा वाढला तो १९६० मध्येच. पुढच्या काळात वाढला तो पल्ला.

प्रश्न : डिसेंबरात पहाटे दोनच्या विमानाने न्यूयॉर्कला गेलो, बाहेर अंधार संपेचना. घड्याळात दुपार झाली तरी रात्र! (मडगाव)

तुम्ही रात्रीबरोबर धावत होता. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी १,६७० कि.मी. वेगाने फिरतो, पण ६० अंश अक्षांशावर तो वेग निम्मा, म्हणजे ८३५ होतो. विमान तिथे पश्चिमेला जवळपास तेवढ्याच वेगाने जाते. त्यामुळे मागून येणारी पहाट तुम्हाला गाठू शकत नाही. मुंबईहून दोनला निघून सहा तासांनी, भारतात सकाळचे आठ वाजलेले असताना, बाल्टिकच्या आसपास स्थानिक वेळ पहाटे चारचीच असते, आणि डिसेंबरात तिथे सूर्य नऊनंतर उगवतो. तेरा तासांनी लाब्राडोरवर आलात तरी तिथे साडेपाच. उजाडते ते न्यूयॉर्क जवळ आल्यावर, शेवटच्या तासा-दीड तासात.

जूनमध्ये याच वेळेच्या विमानात उलटे होते. चार-पाच तासांत उत्तरेचा उन्हाळी सूर्य क्षितिजावर दिसू लागतो आणि पुढचे दहा तास जवळजवळ तिथेच टेकून राहतो. खिडकीशी बसणार असाल तर डोळ्यांवरची पट्टी हातसामानात घ्या, वरच्या कप्प्यात टाकू नका.